सोळा घरांत न मावणारी बीट

स्टॉकहोमच्या टीनएज इंजिनिअरिंग कंपनीनं २०१८ मध्ये पीओ-३३ के.ओ.! हा खिशात मावणारा सॅम्पलर आणला. बीट बनवायला शिकणाऱ्या अनेकांच्या हातात पडलेलं पहिलं यंत्र हेच असतं. उघडा सर्किट बोर्ड, वर लहानशी एलसीडी, दोन नॉब, बटणांच्या ओळी, आतच माइक आणि स्पीकर, चालवायला दोन ट्रिपल-ए सेल. संगणक न लावता हलगीचा ठोका पकडायचा आणि तिथल्या तिथे त्याची बीट रचायची, हे यावर खरोखर जमतं. म्हणूनच त्याच्यासाठी थोडं डोकं लढवावं असं मला वाटतं.

मर्यादा लवकर कळतात. प्रत्येक पॅटर्नमध्ये १६ स्टेप, म्हणजे सोळा घरं. जास्त नाहीत आणि कमीही करता येत नाहीत. असे पॅटर्न १६. एका क्षणी चारच आवाज वाजतात. पाचवा आला की आधीचा एखादा तुटतो. सॅम्पलसाठी सगळी मिळून जागा ४० सेकंदांची. आवाजांचे स्लॉट १६, त्यांतले पहिले ८ सुरांसाठी आणि पुढचे ८ तालवाद्यांसाठी. एका स्लॉटमधून एका घरात एकच आवाज काढता येतो. म्हणजे ९ नंबरच्या स्लॉटमध्ये किक आणि हाय-हॅट दोन्ही असतील, तर ती एकाच घरात एकत्र बसत नाहीत.

हे वाचून यंत्र विकायला काढू नका. घरं क्रमानं चालवणारा सिक्वेन्सर फक्त ‘आता वाजव’ एवढंच सांगतो. काय वाजेल, ते किती लांबेल, त्यात किती ठोके असतील, हे सॅम्पल ठरवतं. घरांत जे मावत नाही ते आवाजात भरायचं, हे एक सूत्र धरलं की पुढचे जवळजवळ सगळे उपाय आपोआप सुचत जातात. बीट बनवणाऱ्या जुन्या पिढीनंही हेच केलं. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सॅम्पलिंगला अवघी दहा सेकंदं मिळायची. न्यूयॉर्कचे निर्माते ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घेत आणि यंत्रात आल्यावर तिचा सूर खाली उतरवत. जागा वाचायची, आणि वर आवाजाला जो खरखरीत भारदस्तपणा यायचा तो पुढे त्या संगीताची ओळखच झाला.

सगळ्यात सोप्या अडचणीपासून सुरुवात करू. सोळा घरांत चार मात्रांचा एक बार बसतो, म्हणजे एका मात्रेला चार घरं. हाय-हॅटची दुप्पट लय किंवा ढोलकीचा भरगच्च तुकडा लिहायचा तर घरं अपुरी पडतात. अशा वेळी टेम्पो दुप्पट करा. गाणं ८० बीपीएमचं असेल तर यंत्र १६० वर चालवा. आता सोळा घरांत अर्धाच बार बसेल, पण प्रत्येक मात्रेला आठ घरं मिळतील. पूर्ण बारसाठी दोन पॅटर्न एकापाठोपाठ लावायचे. उलट एखादी संथ, मोकळी बीट असेल, प्रत्येक मात्रेला दोनच घरं पुरत असतील, तर १४० चं गाणं ७० वर चालवा; एका पॅटर्नमध्ये दोन बार मावतील आणि सोळा पॅटर्नची पुंजी दुप्पट होईल. यात एक खोच आहे. स्विंग नेहमी एकाआड एक घर मागे सरकवतो. टेम्पो दुप्पट केला की तो भलत्याच, अर्ध्या आकाराच्या ठोक्यांना लागतो आणि हवा असलेला झोल नाहीसा होतो. ज्या गाण्याचा जीव स्विंगमध्ये आहे तिथे ही युक्ती वापरू नका.

माझ्या मते त्याहून चांगला उपाय म्हणजे तो भरगच्च तुकडाच सॅम्पल म्हणून घेणं. ताशाची तरतर, संबळाचा दुहेरी ठोका, ढोलकीवरची एक छोटी तिहाई, यांतलं काहीही घर मोजत घरात बसवायला गेलात तर यंत्रवत वाटतं. वाजवणाऱ्याकडून ते तुमच्या टेम्पोला धरून वाजवून घ्या आणि एका स्लॉटमध्ये टाका. आता ते एका घरातून सुटतं आणि आपल्या अंगभूत लयीत उलगडतं. मोजमाप डोक्यात ठेवा: १२० बीपीएमला एक घर ०.१२५ सेकंदांचं असतं आणि पूर्ण बार दोन सेकंदांचा. ८० ला बार तीन सेकंदांचा. तुकडा किती घरं व्यापेल हे आधी काढलं की पुढची घरं मोकळी सोडता येतात.

तालवाद्यांच्या स्लॉटमध्ये (९ ते १६) काही रेकॉर्ड केलं की यंत्र त्याचे आपोआप तुकडे पाडून सोळा बटणांवर ठेवतं. नवशिके हे फक्त किक-स्नेअर वेगळे करायला वापरतात. याचा खरा उपयोग लांब वाक्यांसाठी आहे. चार बारचा एक तुकडा, समजा हार्मोनियमची ओळ आणि त्यामागची टाळी, नीट मेट्रोनोमवर वाजवून एका स्लॉटमध्ये घ्या. सोळा मात्रा, सोळा तुकडे. प्रत्येक मात्रेवर ठळक ठोका असेल तर काप जवळपास बरोबर जागी पडतात. नसतील तर ट्रिमच्या पानावर जाऊन सुरुवात आणि लांबी हातानं जुळवा. मग पहिल्या पॅटर्नमध्ये १, ५, ९ आणि १३ या घरांवर पहिले चार तुकडे ठेवा, दुसऱ्यात पुढचे चार, असं चार पॅटर्नपर्यंत. सगळी ओळ जशीच्या तशी वाजेल, पण दर मात्रेला यंत्राच्या लयीशी पुन्हा जुळून येईल. अख्खं लांब सॅम्पल पहिल्या घरातून एकदाच सोडलं असतं तर चौथ्या बारपर्यंत ते थोडं पुढे-मागे झालं असतं. आणि तुकडे केलेलेच आहेत, तर शेवटच्या बारमध्ये त्यांची अदलाबदल करून ओळीला नवं वळण देता येतं. लांबी आणि फेरफार, दोन्ही एका स्लॉटमध्ये मिळतात.

ठोका रेषेच्या किंचित मागे कसा आणायचा, हे मी थोडं सविस्तर सांगतो, कारण बीट जिवंत वाटणं बरंचसं यावर ठरतं. घरं बटणांनी भरली की प्रत्येक ठोका नेमका घराच्या तोंडाशी पडतो. डेट्रॉइटचा बीट-निर्माता जे डिला यानं एमपीसी या सॅम्पलरवर वाजवताना ठोके यंत्राच्या रेषेवर न आणता जिथे हात पडला तिथेच ठेवले, आणि त्या झुकावानं हिप-हॉपचा डौलच बदलला. या छोट्या यंत्रावरही त्या दिशेनं जाता येतं. स्नेअर सुरांच्या स्लॉटमध्ये (१ ते ८) घ्या आणि घेताना ठोक्याच्या आधी मुद्दाम थोडी शांतता राहू द्या. ट्रिमच्या पानावर सुरुवातीचा बिंदू ठोक्याच्या अगदी अलीकडे आणा. हा झाला सरळ ठोका. आता ज्या घरात तो आळसावलेला हवा आहे, त्या एका घरापुरता सुरुवातीचा बिंदू मागे घ्या, म्हणजे आधी शांतता वाजेल आणि मग ठोका पडेल. एकेका घरावर नॉबची स्थिती अशी वेगळी बांधून ठेवता येणं ही या यंत्राची मोठी ताकद आहे. तिला पॅरामीटर लॉक म्हणतात. शांतता सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशांपुरतीच असू द्या. त्याहून जास्त झाली की ठोका मागे ओढलेला न वाटता चुकलेला वाटतो. किक सरळ ठेवा, स्नेअर मागे ओढा. दोन्ही हलवलं की टेकायला काहीच उरत नाही.

याच लॉकनं जोर-हलकेपणाही आणता येतो. टोनच्या पानावर एक नॉब सुराचा आणि दुसरा आवाजाच्या पातळीचा असतो. हाय-हॅटची सोळाही घरं भरून प्रत्येकाची पातळी कानानं वेगळी ठेवा. तबल्याच्या ठेक्यात ‘धा’ आणि ‘ना’ सारख्या जोरात वाजत नाहीत, हे ज्याच्या कानात आहे त्याला हे काम शिकवावं लागत नाही. फिल्टरवरही हाच प्रयोग करा: पातळी तीच ठेवून फिल्टर थोडा मिटला तर ठोका हलका नाही, दूरचा वाटतो.

चार आवाजांची मर्यादा खटकते ती किक, स्नेअर, हॅट, बेस आणि वर एक सूर एकत्र आल्यावर. पहिलं काम म्हणजे सॅम्पलची शेपटी कापणं. किकची गुंज अर्धा सेकंद रेंगाळत असेल तर तेवढा वेळ ती एक जागा अडवून बसते. ट्रिमनं लांबी कमी केली की निम्म्या अडचणी संपतात. दुसरं म्हणजे जे नेहमी एकत्रच वाजतं ते एकच सॅम्पल करायचं. किक आणि बेस एकाच घरात पडत असतील तर दोन्ही वाजवून आउटपुट फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि फोनमधून लाइन-इनमधून परत आत घ्या. दोन जागांचं काम एका जागेत होईल. कॉर्ड असेल तर हा उपाय फारच मोलाचा ठरतो, कारण सुरांचा एक स्लॉट एका घरात एकच सूर देतो. तीन सुरांची कॉर्ड एकदा बाहेर काढून एक सॅम्पल केली की ती एका बटणावर येते आणि वरखाली हलवताही येते. मात्र प्रत्येक फेरीत आवाज भरड होत जातो. किक-बेसला ते शोभतं, गाणाऱ्या आवाजाला नाही. फोनला गोल हेडफोन जॅक नसेल तर टाइप-सीचं साधं अडॅप्टर लागेल, आणि पातळी कमीपासून सुरू करा. लाइन-इनमध्ये आवाज फाटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही.

किक आणि हॅट एकाच घरात हवेत, ही तक्रार तर रेकॉर्ड करतानाच मिटते. किक-स्नेअर एका स्लॉटमध्ये, हॅट-घुंगरू दुसऱ्यात, अशी वाटणी आधीच करा. कधीही एकत्र न वाजणारे आवाज एका स्लॉटमध्ये, एवढाच नियम.

आता आपल्या तालांकडे येऊ, कारण मराठी मुलगा किंवा मुलगी हे यंत्र घेऊन बसली की हा प्रश्न लवकरच येतो. त्रितालाच्या सोळा मात्रा आणि केरव्याच्या आठ सोळा घरांत सहज बसतात. पण दादरा सहा मात्रांचा, रूपक सात, झपताल दहा. पॅटर्न छोटा करता येत नाही, मग काय? पॅटर्नची सीमा विसरायची आणि साखळीलाच आवर्तन मानायचं. पॅटर्नचं बटण दाबून धरून एकामागून एक क्रमांक दाबले की साखळी तयार होते, ती १२८ पॅटर्नपर्यंत लांबते. मात्रेला दोन घरं धरा. दादऱ्याचं आवर्तन १२ घरांचं झालं. तीन पॅटर्नची मिळून ४८ घरं, म्हणजे बरोबर चार आवर्तनं. सम पहिल्या पॅटर्नमध्ये १ आणि १३ या घरांवर येईल, दुसऱ्यात ९ वर, तिसऱ्यात ५ वर, आणि मग पुन्हा पहिल्याच्या १ वर. झपतालाचं आवर्तन २० घरांचं. पाच पॅटर्नमध्ये चार आवर्तनं, सम १, ५, ९, १३ अशी एकेका पॅटर्नमध्ये सरकत जाते आणि पाचव्यात येतच नाही.

रूपक या पद्धतीत फार सुंदर बसतो. चौदा घरांचं आवर्तन, सात पॅटर्न, आठ आवर्तनं. समेची घरं अशी: पहिल्या पॅटर्नमध्ये १ आणि १५, नंतर क्रमानं १३, ११, ९, ७, ५ आणि सातव्यात ३. दर पॅटर्नला सम दोन घरं मागे येते, त्यामुळे कागदावर एकदा लिहून घेतलं की चुकत नाही. रूपकाची सम ‘खाली’वर असते हे विसरून तिथे जड किक ठेवलीत तर तालाचा चेहराच बदलतो. समेवर हलका, उघडा आवाज ठेवा आणि चौथ्या, सहाव्या मात्रेवर वजन द्या. टेम्पोचं गणित मात्र सांभाळा. यंत्र चार घरांची एक बीट मोजतं, आपण दोन घरांची मात्रा धरली आहे, म्हणून मिनिटाला १६० मात्रा हव्या असतील तर बीपीएम ८० ठेवायचा.

रूपकानं सोळातले सात पॅटर्न खाल्ले, हे खरं. उरलेल्या नवांत दुसरा एक सातांचा संच बसतो, म्हणजे मुखड्याला एक आणि अंतऱ्याला एक. त्याहून जास्त हवं असेल तर ठेका घरांतून काढून सॅम्पलमध्ये टाका: एक पूर्ण आवर्तन एका स्लॉटमध्ये, टेम्पो असा की सोळा घरांत बरोबर एक आवर्तन संपेल, आणि फक्त पहिल्या घरावर त्याचा इशारा. ज्याचं बहुतेक काम अशाच तालांत आहे आणि यंत्र अजून घेतलेलं नाही, त्यानं कॉर्गचं वोल्का सॅम्पल आधी पाहावं असं मी सुचवेन. त्यातही सोळाच घरं आहेत, पण नको ती घरं बंद करता येतात. शेवटची दोन बंद केली की रूपक, चार बंद केली की दादरा. ती सोय सगळ्या आवाजांना एकत्रच लागते, तरी एवढ्यानं बरंच काम हलकं होतं.

तिस्र जातीचा, सहा-आठचा झोल फक्त एखाद्या बारपुरता हवा असेल तर साखळीची गरज नाही. एफएक्स दाबून १३ नंबर दाबला की चालू पॅटर्न सहा-आठच्या मापात बसतो. नववा इफेक्ट चारचा आणि दहावा तीनचा स्टटर देतो, पंधरावा उलटं वाजवतो. राइटचं बटण धरून इफेक्ट दिला तर तो पॅटर्नमध्येच कोरला जातो आणि सोळाव्या नंबरनं पुसला जातो. हे इफेक्ट सगळ्या आवाजांवर एकत्र चालतात, म्हणून त्यांना ओळीच्या शेवटी, पुढच्या भागात शिरताना जागा द्या. दर दोन बारला दिले तर ऐकणाऱ्याचा कान थकतो.

गाण्याच्या लांबीची फारशी काळजी नको. १२० बीपीएमला १२८ पॅटर्नची साखळी चार मिनिटं सोळा सेकंदं चालते, ८० ला सहा मिनिटांहून जास्त. टंचाई वेगवेगळ्या पॅटर्नची असते. ती टाळायची तर सगळ्यात भरलेला पॅटर्न आधी रचा, त्याच्या प्रती काढा आणि प्रत्येक प्रतीतून काहीतरी वजा करा: एकीतून हॅट, दुसरीतून किक, तिसरीत फक्त सूर. रिकाम्यापासून भरत गेलं की प्रत्येक पॅटर्न वेगळ्याच गाण्यातला वाटू लागतो. वजा करत गेलं तर सगळे एकाच घरातले राहतात.

चाळीस सेकंदांची जागा संपत आली तर एसपी-१२०० ची तीच जुनी युक्ती चालते. फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये सॅम्पल दीडपट वेगानं, सूरही चढेल अशा रीतीनं वाजवा, आत घ्या, आणि टोनच्या पानावर सूर कानानं मूळ जागी उतरवा. चाळीस सेकंदांत साठ सेकंदांचा माल मावतो. वरच्या पट्टीतली चमक जाते, त्यामुळे झांज, टाळ, हाय-हॅट यांना हे करू नका. बेस, ढोल, घुमट, तंबोरा यांना खुशाल करा. सॅम्पल शक्यतो स्वतः वाजवलेले किंवा वाजवून घेतलेले असू द्या. जुन्या गाण्याचा तुकडा वापरून बीट प्रसिद्ध करायची तर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि रचनेचे हक्क, दोन्हींची परवानगी लागते.

आणि एका यंत्रात नाहीच भागलं, तर दुसरं जोडा. साडेतीन मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ केबलनं दोन पॉकेट ऑपरेटर (पीओ मालिकेतली यंत्रं) किंवा एक पॉकेट ऑपरेटर आणि एक वोल्का एका लयीत चालतात. सिंकचा योग्य मोड दोन्हीकडे निवडायचा. त्या वेळी केबलच्या एका बाजूनं लयीचे ठोके जातात आणि दुसऱ्या बाजूनं मोनो आवाज, हे ध्यानात असू द्या. दोन्ही पीओ-३३ असतील, तर एकावर ताल आणि दुसऱ्यावर सूर ठेवले की चारची मर्यादा आठवर जाते.

दुसरं यंत्र नसेल तर लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये थर चढवा. आधी साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त ताल ठेवून वाजवून घ्या. मग पॅटर्नमधला ताल काढून तिथे सूर भरा आणि तीच साखळी दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. दोन्ही ट्रॅकच्या सुरुवातीला एकच मोठा ठोका ठेवा, म्हणजे ते डोळ्यांनीही जुळवता येतात. लांब गाण्यात शेवटाकडे थोडा फरक पडला तर मधल्या एखाद्या शांत जागी कापून पुन्हा जुळवा. मात्र ताल पुसण्यापूर्वी बॅकअप घ्या. पीओ-३३ आपली सगळी माहिती आवाजाच्या रूपात लाइन-आउटमधून बाहेर पाठवतो. ती फाइल कॉम्प्रेस न करता डब्ल्यूएव्हीमध्येच साठवा, तिच्या नावात गाण्याचं नाव आणि बीपीएम लिहा, आणि ती परत यंत्रात भरून एकदा वाजवून पाहिल्याशिवाय जुने पॅटर्न पुसू नका.